चावी फिरते, पण गाडी सुरू होत नाही



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलण्यासाठी पाचारण केले, तेव्हा मी प्रथम थोडा बिचकलो. ह्या व्यासपीठावर प्राध्यापक बोलतात, वकील बोलतात, ग्रंथकार बोलतात. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण गॅरेजात क्लीनर म्हणून, मग काही वर्षे टॅक्सी चालवून, आणि रात्री सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, जसे जमेल तसे झाले. त्यानंतर आजवर मी ड्रायव्हर आणि गॅरेज कामगार ह्यांच्या संघटनेचे काम करीत आलो आहे. चालक म्हणाले, "आपण कामगार चळवळीवर बोला." मी म्हटले, "त्यावर मी रोजच बोलतो. ह्या खेपेस मला एका कुलपाविषयी बोलू द्या." ते हसले, परंतु त्यांनी मान्यता दिली. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

हे कुलूप कोणते? हल्लीच्या मोटारगाडीत बसविलेले, डोळ्यांना न दिसणारे कुलूप. इंग्रजीत त्याला इमोबिलायझर म्हणतात. मराठीत गतिरोधक म्हणावे, तर ते नाव रस्त्यावरच्या उंचवट्याने आधीच घेऊन टाकले आहे! म्हणून मी आज त्याला साधेपणाने "चोर-कुलूप" म्हणेन. सकाळी घाईची वेळ आहे, चावी फिरविली, आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. अशा वेळी काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि काय मुळीच करू नये, हे मला सांगावयाचे आहे. पण हा विषय माझ्याकडे कसा आला, ते आधी सांगतो.

एका चावीची हकीकत

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडाशी, आमचा एक सभासद ड्रायव्हर संध्याकाळी युनियनच्या कचेरीत येऊन बसला. तो एका कंत्राटदाराची गाडी चालवीत असे. रात्रपाळीच्या माणसांना घरून आणावयाचे आणि घरी पोचवावयाचे, हे त्याचे काम. आदल्या दिवशी पहाटे गाडी सुरू होईना. सेल्फ फिरे, इंजिन क्षणभर धरी, आणि दोन सेकंदांत बंद पडे. मिस्त्री आला, त्याने बॅटरी बदलली. उपयोग झाला नाही. क्रेन लावून गाडी मोठ्या वर्कशॉपात नेली. तेथे सांगण्यात आले की, इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजात ईसीएम म्हणतात, तो बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून कंत्राटदार संतापला. त्याने ड्रायव्हरला विचारले, "चावी तुझ्याजवळ होती. तू हिच्याशी काही केलेस काय?" ड्रायव्हर सरळ माणूस. त्याने सांगितले की, चावीचे कव्हर फुटले होते, म्हणून चौकातल्या चावीवाल्याकडून स्वतःच्या पैशाने नवे कव्हर घालून घेतले. झाले! कंत्राटदाराने निष्कर्ष काढला की, ह्याने गाडी चोरण्यासाठी दुसरी चावी बनवून घेतली. महिन्याचा पगार रोखला, कामावरून कमी केले, आणि पोलिसात देण्याची धमकी दिली.

तो आमच्यासमोर बसला होता आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "साहेब, बारा वर्षे गाडी चालवतोय. आजवर कुणी चोर म्हटलं नव्हतं."

आमच्या ओळखीचे एक जुने वायरिंगचे मिस्त्री होते. त्यांना बोलावून घेतले. त्यांनी सगळे ऐकून एवढेच विचारले, "दुसरी चावी लावून पाहिली काय?" ती कोणीच लावून पाहिली नव्हती. दुसरी चावी कंत्राटदाराच्या घरी कपाटात होती. दुसऱ्या दिवशी ती आणविली. चावी फिरविली, आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. बॅटरी शाबूत, सेल्फ शाबूत, ज्या ईसीएमसाठी एवढा खर्च सांगितला तो ईसीएमही शाबूत. दोष चावीत होता. मग मिस्त्री आम्हाला त्या चौकातल्या चावीवाल्याकडे घेऊन गेले. त्याच्या मोडक्या कव्हरांच्या डब्यात हात घालून त्यांनी ते जुने कव्हर शोधून काढले. त्याच्या एका खाचेत काळ्या रंगाची, चिंचोक्याएवढीसुद्धा नसलेली एक ठोकळी बसलेली होती. ती होती चावीची चिप. कव्हर बदलताना पाते आणि रिमोट नव्या कव्हरात गेले आणि चिप जुन्यातच राहिली. ती नव्या चावीच्या डोक्याशी चिकटपट्टीने लावली आणि गाडी चालू झाली.

पुढे दोन बैठका होऊन रोखलेला पगार मिळाला आणि ड्रायव्हर कामावर परत गेला. "चोर" हा शब्द मात्र कंत्राटदाराने मागे घेतला नाही. ती टोचणी मला राहिली, आणि तेव्हापासून मी ह्या कुलपाचा अभ्यास सुरू केला.

पहारेकरी आणि परवलीचा शब्द

आता हे कुलूप करते काय, ते पाहू.

मी गॅरेजात काम शिकलो, तेव्हा आमच्या हाताखाली फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसिडर अशा गाड्या असत. गाडी सुरू होण्यास तीन गोष्टी लागत: सेल्फ फिरविण्यास बॅटरीची वीज, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल, आणि प्लगवर ठिणगी. चावीचे काम फक्त वीज जोडण्याचे. त्यामुळे चोराला चावीची गरजच नसे. डॅशबोर्डखाली हात घालून योग्य त्या वायरी एकमेकींना टेकविल्या की, गाडी मालकाची आणि चोराची सारखीच चाकरी करी.

हल्लीच्या गाडीत पेट्रोल किती सोडावयाचे आणि ठिणगी केव्हा पाडावयाची, हे ईसीएम ठरवितो. डिझेल गाडीत ठिणगी नसते, परंतु इंधनाचा हुकूम त्याचाच. तेव्हा चोर-कुलूप करणाऱ्यांनी युक्ती अशी केली की, पात्याचे कुलूप उघडले तरी ईसीएमची संमती मिळाल्यावाचून इंधन सुटू नये, ठिणगी पडू नये, आणि काही गाड्यांत तर सेल्फही फिरू नये.

ही संमती कशी मिळते? गडाचा दरवाजा सूर्यास्ताला बंद झाला की, परवलीचा शब्द सांगितल्याखेरीज पहारेकरी आत घेत नसे. येथेही तसेच आहे. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात चिप असते. ज्या खाचेत आपण चावी घालतो, तिच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे असते. चावी फिरविताच त्या वेटोळ्यात सेकंदाला सुमारे सव्वा लाख आवर्तने करणारी वीज खेळू लागते. ट्रान्सफॉर्मरमध्ये एका वेटोळ्यातली वीज न टेकता दुसऱ्यात उतरते, हे आपण शाळेत शिकला असाल. त्याच न्यायाने चिपमधल्या इवल्याशा वेटोळ्यात वीज उतरते, चिप जागी होते आणि बोलू लागते. म्हणूनच ह्या चिपला स्वतःचा सेल लागत नाही. दरवाजे उघडणाऱ्या रिमोटला सेल लागतो. पण रिमोट निराळा आणि चिप निराळी, जरी दोन्ही एकाच कव्हरात नांदत असली तरी! आमच्या सभासदाचा रिमोट दरवाजे व्यवस्थित उघडीत होता, म्हणून चावीवर कोणाचाच संशय गेला नाही. हा भेद लक्षात ठेवला तर पुष्कळ घोटाळे टळतील.

पहिल्या चिपा आपला एक ठरीव आकडा सांगत. पण ठरलेला परवलीचा शब्द झाडीत लपलेल्या शत्रूने एकदा ऐकला की संपले. म्हणून पुढे अधिक शहाणी रीत आली. गाडी प्रत्येक वेळी एक नवाच आकडा चावीकडे फेकते आणि जणू म्हणते, "आपल्या दोघांत ठरलेले गुप्त गणित ह्या आकड्यावर कर आणि उत्तर सांग." चिप उत्तर देते, गाडीही तेच गणित स्वतः करून ताडून पाहते. जुळले तर संमती. आजचे उत्तर चोराने ऐकले तरी उद्या प्रश्नच निराळा असतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पार पडते.

हे कुलूप हवे की नको?

माझी हकीकत ऐकून कोणी म्हणेल की, असले कुलूप नसलेलेच बरे. मला तसे वाटत नाही. आपली रोजी ज्या गाडीवर आहे ती चोरीला गेली, तर ड्रायव्हरच प्रथम रस्त्यावर येतो.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या चावीत विजेला ठरावीक अडथळा करणारी एक गोळी बसविली. असे पंधरा प्रकारचे अडथळे होते, आणि बरोबर तो सापडला तरच गाडी सुरू होई. पुढे चिपा आल्या. युरोपीय संघात १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या मोटारींना हे कुलूप कायद्याने सक्तीचे झाले, ऑस्ट्रेलियात २००१ पासून आणि कॅनडात २००७ पासून. नेदरलँड्समधील व्हान ऊर्स आणि वोलार्ड ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा त्यांना असे आढळले की, १९९५ ते २००८ ह्या काळात ह्या कुलपामुळे तेथील मोटारचोरी सुमारे ४० टक्क्यांनी घटली.

ह्याची उलट बाजू अमेरिकेने दाखविली. तेथे हे कुलूप सक्तीचे नव्हते. २०१५ सालच्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत ते मुळातच बसविलेले होते. ह्युंदाई आणि किया ह्यांच्या केवळ २६ टक्के मॉडेलांत. काही पोरांनी ह्या गाड्या उघडण्याची कृती चित्रफितींतून पसरविली, आणि २०२१-२२ मध्ये ह्या गाड्यांच्या चोऱ्यांची लाटच आली. तेथील तिजोरी वाचली ती कंपनीची. गाडी गेली ती ज्याच्याजवळ स्वस्त मॉडेल होते त्याची.

तेव्हा कुलूप हवे. परंतु पहारेकऱ्याला माणसाचा चेहरा कळत नाही, हे विसरता कामा नये. हिरकणीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. घरी तान्हे मूल असलेली गवळण, रोज गडावर दूध घालणारी, सर्वांच्या ओळखीची. पण दरवाजे मिटले ते तिच्यासाठीही मिटले. चोर-कुलपाचेही तसेच आहे. ते चोराला अडविते आणि प्रसंगी मालकालाही.

कोणत्या क्रमाने शोधावे

आता मुख्य मुद्दा. गाडी सुरू झाली नाही तर घाबरू नये आणि लगेच बॉनेट उघडू नये. आपल्या जागी बसून पुढील प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न: नेमके काय होते? चावीच फिरत नसेल, तर बहुधा स्टिअरिंगचे कुलूप लागले आहे. ते चाक डावी-उजवीकडे किंचित हलवीत चावी फिरवावी. चावी फिरली पण डॅशबोर्डचे दिवेच मंद झाले, किंवा सेल्फ नुसता "कट-कट" करू लागला, तर बॅटरी उतरली आहे अथवा तिचे टर्मिनल ढिले झाले आहेत. दिवे लख्ख, सेल्फही जोरात फिरतो, पण इंजिन धरीत नाही किंवा धरून दोन सेकंदांत बंद पडते, अशी स्थिती असेल तर चोर-कुलपाचा संशय घ्यावा. दिवे लख्ख असून सेल्फ अगदी मुका असेल, तरीही हा संशय रास्त आहे. मात्र ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पार्कमध्ये आहे ना, बटणाची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक पुरता दाबला आहे ना, हे आधी पाहावे.

दुसरा प्रश्न: दिवा काय सांगतो? डॅशबोर्डवर चावीचे, कुलपाचे किंवा मोटार आणि चावी असे चित्र असलेला एक लहान दिवा असतो. बहुतेक गाड्यांत चावी फिरविल्यावर तो काही क्षण लागून विझतो. म्हणजे चावी ओळखली गेली. तो न विझता राहिला किंवा भराभर मिचकू लागला, तर ओळख पटलेली नाही. गाडी कुलूपबंद उभी असताना तो सावकाश मिचकतो, तो दोष नव्हे. तो चोराला दिलेला इशारा आहे. आपल्या गाडीत दिव्याची नेमकी भाषा काय, ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. दिवा रीतसर विझला आणि तरीही गाडी सुरू होत नसेल, तर हे कुलूप निर्दोष समजावे आणि पेट्रोल, पंप, फ्यूज ह्यांच्याकडे वळावे. निर्दोषाची सुटका लवकर करणे, हे शोधाचे अर्धे काम आहे.

तिसरा प्रश्न: चावी एकटी आहे काय? आपल्याकडे एका कडीत दोन-तीन गाड्यांच्या चाव्या, कपाटाची चावी, देवाचे पितळी पदक, असा सगळा संसार लटकत असतो. दुसऱ्या गाडीची चिप जवळ असली तर दोघी एकदम बोलतात आणि पहारेकऱ्याला एकीचेही धड ऐकू येत नाही. धातूच्या जाड कडीनेही अडथळा येऊ शकतो. म्हणून चावी कडीतून मोकळी करून एकटी लावून पाहावी. ह्याला एक पैसाही लागत नाही.

चौथा प्रश्न: दुसरी चावी काय म्हणते? हा सगळ्यांत मोलाचा प्रश्न. दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली, तर दोष पहिल्या चावीत आहे: चिप पडली असेल, फुटली असेल, किंवा कव्हर बदलताना राहून गेली असेल. दोन्ही चाव्यांनी सुरू झाली नाही, तर दोष बहुधा गाडीच्या बाजूला आहे: वेटोळ्याची तार तुटली असेल, त्याचा जोड सुटला असेल, फ्यूज गेला असेल. बिनपात्याच्या, बटणाच्या गाडीत दुसरी चावी हाताशी नसेल, तर आधी सेल संपल्याचा विचार करावा. तो बहुधा ३ व्होल्टचा, रुपयाएवढा चपटा सेल असतो. तो उतरला तरी चावी थेट बटणाला किंवा पुस्तिकेत दाखविलेल्या जागी टेकविल्यास बहुतेक गाड्या सुरू होतात, कारण तेथे आपण मघाशी पाहिलेली वेटोळ्याची युक्ती कामी येते.

पाचवा प्रश्न: बॅटरीत पुरेसा जोर आहे काय? चांगली भरलेली बॅटरी उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना ती दहाच्या बरीच खाली गेली, तर ईसीएम आणि कुलूप ह्यांचे आपापसांतील बोलणे तुटू शकते आणि कुलपाचा दिवा खोटीच तक्रार करतो. म्हणून टर्मिनल घासून आवळावेत, बॅटरी भरून घ्यावी आणि पुन्हा पाहावे.

सहावा प्रश्न: गाडीवर नंतर काही बसविले आहे काय? बाजारातून बसविलेला अलार्म किंवा ठावठिकाणा सांगणारे यंत्र ह्यांत कधी कधी सेल्फची अथवा पंपाची वायर तोडून मध्ये एक रिले घातलेला असतो. घाईने गुंडाळलेला असा जोड काही वर्षांनी सुटतो आणि दोष कंपनीच्या कुलपावर जातो.

इतके करूनही उलगडा झाला नाही, तर स्कॅनर लावावा. हे यंत्र ईसीएमच्या मनातले वाचून दाखविते. "चुकीची चावी" ह्या तक्रारीला तर पी०५१३ असा स्वतंत्र क्रमांकच आहे. पण स्कॅनरलाही तक्रार कळते, कारण नेहमी कळतेच असे नाही. कारण माणसाने शोधावयाचे असते.

काय करू नये

चोर-कुलपाने अडविलेल्या गाडीला धक्का मारून उपयोग नाही. ईसीएम इंधनच सोडीत नाही, मग दहा माणसे लावा की वीस! सेल्फ पुन्हा पुन्हा मारू नये. बॅटरी उतरते आणि एका दोषाचे दोन होतात. काही गाड्या तर चुकीच्या प्रयत्नांनंतर काही मिनिटे मुळीच दाद देत नाहीत. तेव्हा थोडे थांबून पाहावे.

स्टिअरिंगखालच्या वायरींत अंदाजाने हात घालू नये. तेथे एअरबॅगच्या वायरी असतात, पुष्कळदा पिवळ्या जोडांच्या. त्यांच्याशी खेळ केल्यास तोंडावर स्फोट होण्याचा धोका असतो. जुन्या बाजारातला ईसीएम आणून बसविला म्हणून गाडी चालू होईल असे समजू नये. त्याची ओळख दुसऱ्याच चाव्यांशी असते, ती नव्याने करून द्यावी लागते. आणि चिप वेटोळ्याशेजारी कायमची चिकटवून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर ती गोष्ट दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवण्यासारखी आहे, हे ध्यानी घ्यावे.

एक सूचना विशेष आग्रहाने करतो. एक चावी चांगली चालत आहे तोवरच दुसरी करून घ्यावी. एक चावी जिवंत असताना दुसरी करणे सोपे. सर्व चाव्या हरवल्या तर कागदपत्रे, ओळख पटविणे, गाडी ओढून नेणे, असा मोठा पसारा आणि खर्च होतो. जुनी गाडी विकत घेताना दोन्ही चाव्या आणि चावीच्या क्रमांकाचे कार्ड किंवा पट्टी मागून घ्यावी. आणि कव्हर बदलताना चिप नव्या कव्हरात गेली ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

ज्ञान कोणाच्या हाती?

येथवर यंत्राचे झाले. आता थोडे माणसांचे बोलतो, कारण तो माझा धंदाच आहे.

पद्मिनीच्या काळी चौकातल्या मिस्त्रीच्या कानात आणि बोटांत सगळी विद्या होती. आज नवी चावी गाडीला ओळखवून द्यावयाची, तर कंपनीचे यंत्र आणि कंपनीचा गुप्त आकडा लागतो. तो सर्वांना खुला केला तर चोरालाही मिळेल, असे कंपन्या म्हणतात. ह्यात तथ्य आहे. परंतु गुप्ततेच्या पांघरुणाखाली दुसरेही बरेच काही झाकले जाते. सुटे भाग, माहिती-पुस्तके आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, ह्या कारणासाठी भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासंबंधी एक संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. विषयाला तोंड फुटले आहे, एवढे खरे.

गुप्ततेनेच कुलूप मजबूत होते, हेही पुरते खरे नव्हे. बर्मिंगहॅम आणि नायमेखेन येथील विद्यापीठांतील तीन संशोधकांना एका प्रसिद्ध चिपच्या गणितात उणिवा सापडल्या. २०१३ साली फोक्सवॅगनच्या मागणीवरून इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या निबंधाला मनाई केली. शेवटी एक वाक्य गाळून तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मधली दोन वर्षे त्या उणिवा नाहीशा झाल्या होत्या काय? नव्हत्या. मालकाला त्यांची बातमी नव्हती, इतकेच.

मग मार्ग कोणता? अमेरिकेत अशी एक व्यवस्था आहे की, चावीचे काम करणाऱ्या कारागिराची आधी चौकशी होते, त्याची नोंद होते, आणि नोंदलेल्या कारागिराला कंपनीकडून गुप्त आकडा मागता येतो. कोणी, केव्हा, कोणत्या गाडीसाठी तो मागितला, ह्याची नोंद राहते. आपल्याकडेही चौकातल्या चावीवाल्याला अशी रीतसर नोंद आणि शिक्षण देता येईल. आमच्या हकीकतीतल्या चावीवाल्याला चिप म्हणजे काय हे कोणी शिकविले असते, तर एका माणसाची अब्रू टांगणीला लागली नसती.

आणखी एक धोका सांगतो. हेच कुलूप चोराऐवजी ऋणकोवर रोखता येते. अमेरिकेत, ज्यांची पत कमी समजली जाते अशांना कर्जाने दिलेल्या गाड्यांत दुरून सेल्फ बंद पाडणारी यंत्रे बसविली जातात. हप्ता चुकला की गाडी जागच्या जागी थंड! न्यूयॉर्क टाइम्सने २०१४ साली ह्यावर लिहिले, तेव्हा माणसे आजारी मुलाला दवाखान्यात नेतानासुद्धा अडकल्याच्या तक्रारी पुढे आल्या. तशी यंत्रे आपल्या बाजारातही मिळतात. कर्जाच्या कागदावर सही करताना आमच्या ड्रायव्हर बंधूंनी एवढे तरी विचारावे: ह्या गाडीला दुरून बंद करणारे काही बसविले आहे काय, ते कोणाच्या हुकुमाने चालते, आणि आधी सूचना मिळते काय? उत्तर लेखी घ्यावे.

मित्रहो, आमचा तो सभासद आजही गाडी चालवितो. चावीच्या डोक्याला त्याने लाल दोरा बांधला आहे. कोणी विचारले तर तो चावी उघडून आतली ठोकळी दाखवितो आणि ती कशासाठी असते ते समजावून सांगतो. आमच्या कचेरीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नवे ड्रायव्हर जमतात, तेव्हा हा पाठ आता तोच देतो. मी मागे बसून ऐकतो. त्याला अजून "इमोबिलायझर" हा शब्द नीट उच्चारता येत नाही. पण गाडी बंद पडली असता पहिल्याने काय विचारावे, हे तो कोणाहीपेक्षा चांगले सांगतो: "दुसरी चावी लावून पाहिलीत का?"

 घरी गेल्यावर आपली दुसरी चावी कोठे आहे, ती आज रात्रीच शोधून ठेवावी आणि उद्या सकाळी एकदा लावून पाहावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.